वीर्यस्खलन: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

वाचकांकडून पुन्हा पुन्हा येणाऱ्या प्रश्नांवरून हे पान तयार केलं आहे. कुणी ‘पाणी जातं’ असं लिहितं, कुणी ‘धात’, कुणी नुसतंच ‘ते’. उत्तरांत आम्ही सगळीकडे वीर्य आणि स्खलन हेच शब्द ठेवले आहेत. प्रश्न वाचताना एक गोष्ट खटकते. ज्याची भीती पिढ्यान् पिढ्या घातली गेली, पण ज्याने काहीच बिघडत नाही, त्याबद्दल ढीगभर प्रश्न येतात. ज्याने खरंच नुकसान होतं (उदाहरणार्थ प्रश्न १८) त्याबद्दल क्वचितच कुणी विचारतं. औषधांची नावं माहितीसाठी दिली आहेत. मेडिकलमधून परस्पर आणून ती घेऊ नका.

१. वीर्य म्हणजे नेमकं काय? त्यात सगळे शुक्राणूच असतात का?

नाही. वृषणांकडून येणारा, शुक्राणू असलेला भाग एकूण वीर्याच्या जेमतेम २ ते ५ टक्के असतो. मूत्राशयाच्या मागे दोन वीर्यकोश असतात, त्यांचा वाटा सर्वांत मोठा, साधारण दोन तृतीयांश किंवा थोडा जास्त. शुक्राणूंना ऊर्जा देणारी फ्रुक्टोज साखर आणि वीर्याला घट्टपणा देणारी प्रथिनं तिथून येतात. उरलेला बराचसा भाग मूत्राशयाच्या खाली असलेल्या प्रोस्टेट ग्रंथीचा. तो पातळ, दुधाळ असतो आणि त्यात झिंक, सायट्रिक आम्ल आणि पीएसए नावाचं विकर असतं.

बाहेर पडताच वीर्य गोठल्यासारखं होतं, गुठळ्या दिसतात. मग पीएसए ती प्रथिनं तोडतं आणि १५ ते ३० मिनिटांत वीर्य पाण्यासारखं पातळ होतं. म्हणजे ‘गुठळ्या येतात’ आणि ‘पातळ झालंय’ या दोन्ही तक्रारी बऱ्याचदा एकाच निरोगी वीर्याबद्दल, वेगवेगळ्या वेळी पाहून केलेल्या असतात.

२. वीर्य कुठे साठतं? बाहेर काढलं नाही तर त्रास होतो का?

एक शुक्राणू तयार व्हायला वृषणात साधारण ६४ ते ७४ दिवस लागतात. त्यानंतर वृषणाला चिकटून असलेल्या लांबलचक, गुंडाळीदार नळीतून तो एक-दोन आठवडे पुढे सरकतो आणि तिथेच पोहायला शिकतो. हे काम चोवीस तास चालू असतं, सरासरी सेकंदाला हजारभर शुक्राणू या वेगाने. वृषणांचं तापमान शरीरापेक्षा २ ते ४ अंश सेल्सिअसने कमी राहावं लागतं, म्हणूनच ती पोटाबाहेर पिशवीत असतात.

वापरात न आलेले शुक्राणू शरीर मोडून शोषून घेतं, काही झोपेत बाहेर पडतात (प्रश्न ७). महिनोन् महिने स्खलन झालं नाही म्हणून काही फुटत नाही, सडत नाही, डोक्यातही चढत नाही. खूप वेळ उत्तेजना राहून स्खलन न झाल्यास वृषणांत थोडा वेळ जडपणा किंवा ठणका जाणवतो. तो आपोआप जातो. त्यासाठी जोडीदारावर जबरदस्ती करण्याचं कारण कुणालाही मिळत नाही.

३. स्खलन होताना शरीरात काय घडतं?

दोन टप्पे असतात आणि दोन्ही वेगवेगळ्या नसा चालवतात.

उत्तेजना ठरावीक पातळीला पोचली की पाठीच्या कण्याच्या मधल्या भागातून (डॉक्टरांच्या भाषेत टी-१० ते एल-२; टी म्हणजे छातीच्या, एल कमरेच्या आणि एस त्याखालच्या भागाचे क्रमांक, वरून खाली मोजलेले) येणाऱ्या सिम्पथेटिक नसा कामाला लागतात. शुक्रवाहिन्या (वृषणांकडून शुक्राणू वर आणणाऱ्या नळ्या) आकसून शुक्राणू पुढे ढकलतात. वीर्यकोश आणि प्रोस्टेट आपापला स्राव मूत्रमार्गाच्या मागच्या भागात सोडतात. त्याच वेळी मूत्राशयाचं तोंड घट्ट मिटतं, म्हणून वीर्य मागे जात नाही आणि लघवी पुढे येत नाही. ‘आता थांबणं शक्य नाही’ असं पुरुषाला वाटतं ते याच क्षणी. इथून पुढे खरंच थांबवता येत नाही.

दुसऱ्या टप्प्यात कण्याच्या अगदी खालच्या भागातल्या (एस-२ ते एस-४) नसा लिंगाच्या मुळाशी आणि ओटीपोटाच्या तळाशी असलेल्या स्नायूंना हुकूम देतात. ते लयीत आवळतात. पहिले काही झटके सुमारे ०.८ सेकंदांच्या अंतराने येतात, मग अंतर वाढत जातं. सुरुवातीच्या झटक्यांत प्रोस्टेटचा स्राव आणि बहुतेक शुक्राणू असतात, वीर्यकोशांचा स्राव नंतर येतो. हा क्रम प्रश्न १२ मध्ये उपयोगी पडेल.

ही सगळी प्रतिक्षिप्त क्रिया आहे. मेंदू तिला लवकर किंवा उशिरा होऊ देतो: सेरोटोनिन हे रसायन ती लांबवतं, डोपामिन तिला चालना देतं. पण तिची जुळवाजुळव कण्यातच होते. उंदरांच्या कमरेच्या भागातल्या मज्जारज्जूतल्या ठरावीक पेशी नष्ट केल्या तेव्हा त्यांचं बाकी लैंगिक वर्तन तसंच राहिलं, फक्त स्खलन थांबलं. हे संशोधन २००२ मध्ये प्रसिद्ध झालं.

यानंतर काही काळ पुन्हा स्खलन होऊ शकत नाही. विशीत हा काळ काही मिनिटांचा असतो, साठीत एखाद-दोन दिवसांचाही असू शकतो. तो अशक्तपणा नव्हे.

४. ताठरता, स्खलन आणि परमोच्च सुख या एकाच गोष्टी ना?

तिन्ही वेगळ्या आहेत. एरवी त्या एकत्र येतात म्हणून एक वाटतात. ताठरता रक्तप्रवाहाची, स्खलन नसा आणि स्नायूंचं, सुख मेंदूतलं. म्हणून ताठरता पूर्ण नसताना स्खलन होऊ शकतं, वीर्य न येता सुख मिळू शकतं (प्रश्न १५). आणि ताठरतेची गोळी घेतल्याने शीघ्रपतन आपोआप बरं होत नाही. हा शेवटचा गैरसमज बराच महागात पडतो.

५. ४० थेंब रक्तातून एक थेंब वीर्य बनतं हे खरं का? वीर्य गेल्याने अशक्तपणा येतो का?

नाही, दोन्ही नाही. पण हा प्रश्न एका ओळीत संपवणं बरोबर होणार नाही, कारण विचारणाऱ्याचा अशक्तपणा खोटा नसतो.

रस, रक्त, मांस, मेद, अस्थी, मज्जा, शुक्र अशी आयुर्वेदातली सात धातूंची मांडणी आपल्याकडे घराघरांत माहीत आहे. तिच्यावर लोकांनी ४० थेंबांचा हिशोब चढवला. मात्र ही भीती फक्त आपलीच नाही. स्वित्झर्लंडमधले डॉक्टर सॅम्युएल टिसो यांनी १७६० मध्ये हस्तमैथुनावर ग्रंथ लिहून वीर्यनाशाने माणूस खंगतो असं युरोपला पटवलं होतं, आणि पुढची शंभरेक वर्षं तिथले भलेभले डॉक्टर तेच सांगत राहिले. तिथे ही समजूत ओसरली, आपल्याकडे टिकली. वीर्य जाण्याच्या भीतीतून येणारा थकवा, पाठदुखी, चक्कर, उदासी यांचं चित्र भारतीय डॉक्टरांना इतक्या वेळा दिसलं की मनोविकारतज्ज्ञ डॉ. नरेंद्रनाथ विग यांनी १९६० मध्ये त्याला ‘धात सिंड्रोम’ असं नाव दिलं.

आता थोडं गणित. १०० मिलिलिटर वीर्यात सुमारे ५ ग्रॅम प्रथिनं असतात. एका वेळचं वीर्य ३ मिलिलिटर धरलं तर प्रथिनं झाली १५० मिलिग्रॅम. एका अंड्यात सुमारे ६ ग्रॅम असतात. म्हणजे ४० वेळा स्खलन झाल्यावर जेवढी प्रथिनं जातात तेवढी एका अंड्यात परत मिळतात. चाळीसचा आकडा हवाच असेल तर हा घ्या.

मग थकवा कशाचा? बऱ्याचदा चिंतेचा, अपराधीपणाचा, झोप न लागण्याचा. कधी नैराश्याचा. कधी हिमोग्लोबिन, बी-१२, थायरॉइड किंवा साखर बिघडलेली असते. या साध्या रक्ततपासण्या करून घ्या. त्या ठीक आल्या आणि मन तरी खालीच असलं तर मनोविकारतज्ज्ञांना भेटा. त्यावर चांगले उपचार आहेत. शक्तिवर्धक पावडरीने यातलं काहीच बरं होत नाही.

जाता जाता: मराठीत हे प्रश्न छापून त्यांना सरळ उत्तरं देण्याचं काम र. धों. कर्वे १९२७ पासून करत होते. वाचकांच्या अशाच प्रश्नांना उत्तरं दिली म्हणून १९३४ मध्ये त्यांच्यावर खटला झाला. त्यांची बाजू डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी मांडली. खटला ते हरले, पण कर्वे लिहायचे थांबले नाहीत.

६. हस्तमैथुनामुळे लिंग वाकडं किंवा लहान होतं का? लग्नानंतर मूल व्हायला अडचण येते का?

नाही. लिंग थोडं डावीकडे, उजवीकडे किंवा खाली झुकलेलं असणं नेहमीचंच. मात्र आधी सरळ असलेलं लिंग प्रौढ वयात नव्याने वाकू लागलं, दुखू लागलं, आत गाठ लागली तर तो पेरोनी नावाचा आजार असू शकतो. मूत्ररोगतज्ज्ञांना दाखवा. त्याचाही हस्तमैथुनाशी संबंध नाही.

मूल होण्यावरही परिणाम होत नाही, कारण शुक्राणू रोज बनत असतात (प्रश्न २). एक अपवाद प्रामाणिकपणे सांगायला हवा. काहींना खूप घट्ट मुठीने किंवा पालथं झोपून गादीवर दाबून स्खलन करायची सवय असते. वर्षानुवर्षं तसंच केल्यावर संबंधाच्या वेळी तेवढा दाब मिळत नाही आणि स्खलन होत नाही. उपाय प्रश्न १४ मध्ये.

७. महिन्यातून किती वेळा स्वप्नदोष झाला तर चालतो?

असा कोटा नाही. कुणाला आठवड्यातून दोनदा होतो, कुणाला आयुष्यात कधीच नाही. साधारण तेराव्या-चौदाव्या वर्षी सुरू होतो, लग्न झालेल्यांनाही होतो. स्वप्नं पडण्याच्या झोपेत सगळ्याच निरोगी पुरुषांना ताठरता येते, त्यात कधी स्खलन होतं इतकंच. मुलगा वयात येत असेल तर चादर धुवायला टाकताना त्याला घरच्यांची नजर चुकवावी लागू नये, एवढी काळजी आईवडिलांनी घ्यावी.

८. शौचाला जोर केल्यावर किंवा लघवीच्या शेवटी पांढरं, चिकट काहीतरी येतं. धातू जातेय का?

जोर केल्यावर प्रोस्टेट दाबली जाते आणि तिचा थोडा स्राव बाहेर येतो. बद्धकोष्ठ असलेल्यांना हे जास्त दिसतं. लघवी शेवटी दुधाळ दिसण्याचं दुसरं कारण म्हणजे फॉस्फेटचे क्षार. ते जेवणानंतरच्या लघवीत सहज दिसतात. दोन्ही निरुपद्रवी.

पण पिवळसर पू येत असेल, लघवीला जळजळत असेल, नवीन जोडीदाराशी विनाकंडोम संबंध आला असेल तर हा गनोरिया किंवा क्लॅमिडियासारखा संसर्ग असू शकतो. त्याच आठवड्यात तपासणी करा. उपचार दोघांनीही घ्यायचे, नाहीतर तो पुन्हा होतो. सरकारी रुग्णालयांतल्या ‘सुरक्षा क्लिनिक’मध्ये ही तपासणी आणि उपचार मिळतात.

९. मूल हवंय. वीर्य ‘घट्ट’ व्हावं म्हणून आठ-दहा दिवस साठवावं का?

नको. २ ते ७ दिवस थांबायचा नियम प्रयोगशाळेतल्या तपासणीसाठी आहे, रिपोर्टांची तुलना करता यावी म्हणून. घरात लागू करायचा नियम तो नाही. जास्त दिवस थांबल्यावर संख्या वाढते खरी, पण त्यात जुने, मंदावलेले आणि डीएनए तुटलेले शुक्राणूही वाढतात.

स्त्रीबीज बाहेर पडण्याआधीचे पाच दिवस आणि तो दिवस, एवढे सहा दिवस महत्त्वाचे, कारण शुक्राणू स्त्रीच्या शरीरात पाच दिवसांपर्यंत टिकतात आणि बीज जेमतेम एक दिवस. २८ दिवसांची पाळी असेल तर साधारण दहाव्या ते पंधराव्या दिवसात दिवसाआड संबंध पुरेसा. रोज जमलं तरी हरकत नाही.

१०. संबंधानंतर उभी राहिले की सगळं बाहेर येतं. त्यामुळे दिवस जात नाहीत का?

नाही. पोहणारे शुक्राणू पहिल्या काही मिनिटांतच गर्भाशयाच्या मुखात शिरलेले असतात. बाहेर येतो तो पातळ झालेला द्रव (प्रश्न १). पाय भिंतीला लावून अर्धा तास पडून राहायची गरज नाही.

११. माझं वीर्य पूर्वीपेक्षा पातळ किंवा कमी आहे. ताकद कमी झाली का?

नुसतं बघून शुक्राणूंची संख्या कळत नाही, डॉक्टरांनाही नाही. एका दिवसात दुसऱ्यांदा स्खलन झालं तर वीर्य कमी आणि पातळ येणारच. वयानुसारही ते घटतं. मूल हवं असेल आणि शंका असेल तर तपासणी करा. मूल नको असेल आणि बाकी त्रास नसेल तर सोडून द्या. अचानक अगदीच कमी झालं असेल तर प्रश्न १५ आणि २० पाहा.

१२. वीर्य तपासणी कशी करतात? रिपोर्ट कसा वाचायचा?

सर्वांत आधी: ती करा. पाळणा हलत नाही म्हटलं की आपल्याकडे सुनेच्या सोनोग्राफ्या, रक्ततपासण्या, नवस, उपास सगळं होतं आणि वर्षभराने कुणीतरी दबक्या आवाजात मुलाच्या तपासणीबद्दल बोलतं. मूल न होण्यात जवळपास निम्म्या जोडप्यांत पुरुषाचा काही ना काही वाटा असतो. त्याची तपासणी सर्वांत सोपी आणि स्वस्त आहे, म्हणून ती पहिल्या आठवड्यातच व्हायला हवी.

२ ते ७ दिवस स्खलन न झालेलं असावं. नमुना हस्तमैथुनानेच, लॅबने दिलेल्या डबीत घ्यायचा. साधा कंडोम, तेल, साबण, थुंकी चालत नाही, शुक्राणू मरतात. पहिला झटका डबीबाहेर पडला तर तसं सांगा, कारण बहुतेक शुक्राणू त्यातच असतात (प्रश्न ३). घरून आणायचा असेल तर डबी शर्टाच्या आत, अंगाच्या उबेला ठेवून तासाभरात पोचवा.

जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ मध्ये दिलेल्या खालच्या मर्यादा अशा: आकारमान १.४ मिलिलिटर, शुक्राणू दर मिलिलिटरला १ कोटी ६० लाख, एकूण ३ कोटी ९० लाख, हालचाल करणारे ४२ टक्के, पुढे पोहणारे ३० टक्के, योग्य आकाराचे ४ टक्के. हो, चारच. ९६ टक्के ‘विचित्र’ आकाराचे असणं पास होण्याइतकं चांगलं आहे, घाबरू नका. एका वर्षाच्या आत ज्यांना मूल राहिलं अशा पुरुषांतल्या सर्वांत खालच्या ५ टक्क्यांची ही रेषा आहे. म्हणजे रेषेखालीही मूल होऊ शकतं आणि वर असूनही अडू शकतं.

एका रिपोर्टवर निर्णय घेऊ नका. डेंग्यू, टायफॉइडसारख्या तापानंतर दोन-तीन महिने आकडे पडतात (कारण प्रश्न २ मध्ये). काही आठवड्यांनी पुन्हा तपासा.

१३. किती मिनिटांत झालं तर शीघ्रपतन म्हणायचं?

तुम्ही समजता त्यापेक्षा खूपच कमी. २००५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाहणीत नेदरलँड्स, ब्रिटन, स्पेन, तुर्कस्तान आणि अमेरिकेतल्या ५०० जोडप्यांना स्टॉपवॉच दिलं होतं. मधला आकडा निघाला ५.४ मिनिटं. अर्धा तास हा पडद्यावरचा हिशोब आहे.

पहिल्यापासून जवळजवळ दर वेळी साधारण एका मिनिटाच्या आत स्खलन होतं, लांबवता येत नाही आणि त्याचा त्रास होतो, तर ते जन्मजात प्रकारचं शीघ्रपतन. आधी ठीक होतं आणि आता तीन मिनिटांच्या आत आलं तर ते नंतर आलेलं. त्यामागे ताठरतेची तक्रार, थायरॉइडचं आधिक्य, प्रोस्टेटचा दाह किंवा ताण आहे का ते आधी बघायचं. लग्नानंतरच्या पहिल्या काही रात्री यात धरूच नका.

उपचार आहेत. ‘थांबा आणि पुन्हा सुरू करा’ ही पद्धत डॉ. जेम्स सीमन्स यांनी १९५६ मध्ये मांडली आणि ती आजही शिकवतात. बधिर करणारं मलम किंवा स्प्रे काम करतो, पण संबंधाआधी पुसून घ्या किंवा कंडोम वापरा, नाहीतर जोडीदारही बधिर होईल. डॅपॉक्सेटिन ही गोळी संबंधाच्या एक ते तीन तास आधी घेतात. तिने चक्कर येऊन माणूस पडू शकतो, दारूबरोबर आणि नैराश्याच्या काही गोळ्यांबरोबर ती धोक्याची आहे, म्हणून चिठ्ठीशिवाय नको.

एसटी स्टँडच्या भिंतीवरच्या आणि आता मोबाइलवरच्या ‘हमखास इलाज’वाल्या जाहिरातींबद्दल एवढंच: लैंगिक क्षमता वाढवण्याचा दावा करून औषधाची जाहिरात करणं आपल्या देशात १९५४ च्या कायद्याने गुन्हा आहे. जो जाहिरातीतच कायदा मोडतो तो पुडीत काय घालत असेल?

१४. माझं उलट आहे. कितीही वेळ गेला तरी संबंधात स्खलन होत नाही.

याबद्दल लोक फार कमी बोलतात, पण जोडप्यांना छळणारा हा प्रकार आहे. बायकोला वाटतं आपण आवडत नाही, नवऱ्याला वाटतं आपण नालायक.

आधी गोळ्यांची यादी तपासा. नैराश्य आणि चिंतेवरच्या सेरोटोनिन वाढवणाऱ्या गोळ्या (एसिटॅलोप्रॅम, पॅरॉक्सेटिन, सर्ट्रालिन) स्खलन लांबवतात. त्यांचा हाच गुण शीघ्रपतनात वापरतात. त्या स्वतःहून बंद करू नका, डॉक्टर मात्रा किंवा औषध बदलू शकतात. मधुमेहाने नसा बोथट झाल्या असतील, वय वाढलं असेल, दारू असेल तरी हेच होतं. प्रश्न ६ मधली सवय असेल तर काही आठवडे ती पद्धत पूर्ण बंद करून हलक्या हाताने सुरुवात करायची. वेळ लागतो, पण बहुतेकांना जमतं. ‘आज चौदावा दिवस आहे, आजच व्हायला हवं’ या दडपणाखालीही अनेकांचं अडतं. तिथे नमुना घेऊन गर्भाशयात सोडण्याचा साधा मार्ग आहे, आणि तो आहे हे कळल्यावर दडपणही कमी होतं.

१५. सुख मिळतं, झटके येतात, पण वीर्यच येत नाही. कुठे जातं?

बहुधा मागे, मूत्राशयात. प्रश्न ३ मधल्या पहिल्या टप्प्यात मूत्राशयाचं तोंड मिटलं नाही की असं होतं. नंतरची लघवी गढूळ दिसते, तीच सूक्ष्मदर्शकाखाली तपासली की शुक्राणू सापडतात आणि निदान होतं.

कारणं ठरलेली आहेत: बरीच वर्षं राहिलेला मधुमेह, प्रोस्टेटचं दुर्बिणीतून केलेलं ऑपरेशन (त्यानंतर बहुतेकांना हे होतं आणि ऑपरेशनआधी ते सांगितलं गेलं पाहिजे), पोटातल्या गाठींची मोठी शस्त्रक्रिया. प्रोस्टेटसाठी दिलेल्या सिलोडोसिन आणि टॅमसुलोसिन या गोळ्यांनीही वीर्य कमी होतं किंवा दिसेनासं होतं, सिलोडोसिनने जास्त. गोळी बंद झाल्यावर ते परत येतं.

शरीराला यातून अपाय नाही. मूल हवं असेल तर लघवीचा आम्लपणा औषधाने कमी करून तिच्यातून शुक्राणू वेगळे काढता येतात.

१६. वीर्यात रक्त दिसलं. कॅन्सर असेल का?

चाळिशीच्या आत, एकदाच दिसलं आणि बाकी त्रास नसेल तर बहुतेक वेळा काही गंभीर नसतं. प्रोस्टेट किंवा वीर्यकोशातली एखादी बारीक रक्तवाहिनी फुटलेली असते, कधी संसर्ग असतो. पुढचे काही दिवस वीर्य तपकिरी दिसू शकतं. प्रोस्टेटचा तुकडा तपासायला काढला असेल तर काही आठवडे रक्त दिसणं अपेक्षितच आहे.

चाळिशीनंतर, पुन्हा पुन्हा, किंवा ताप, वेदना, लघवीत रक्त यांच्यासह आलं तर दाखवायलाच हवं. आपल्याकडे क्षयरोग वीर्यकोशांत आणि प्रोस्टेटमध्येही जातो, तेव्हा संध्याकाळचा ताप आणि घटतं वजन असेल तर डॉक्टरांना आवर्जून सांगा.

१७. नसबंदीनंतर वीर्य येतं का? ताकद जाते का?

येतं, आणि पूर्वीइतकंच दिसतं, कारण कापलेल्या नळीतून येणारा वाटा २ ते ५ टक्केच होता. टेस्टोस्टेरॉन हे पुरुषी संप्रेरक (हार्मोन) नळीतून नाही, थेट रक्तात जातं; त्यामुळे इच्छा, ताठरता, दाढी-मिशा, शेतातलं काम सगळं तसंच राहतं.

ऑपरेशनच्या दिवसापासून सुरक्षित मात्र नाही. पुढच्या भागात शुक्राणू उरलेले असतात. तीन महिने दुसरं साधन वापरा आणि वीर्य तपासणीत शुक्राणू शून्य आल्यावरच ते सोडा. ‘नसबंदी फेल गेली’ या गोष्टींतला बराच भाग ही तपासणी न केलेल्यांचा असतो आणि संशय मात्र बायकोवर घेतला जातो.

टाका न घालता करायची पद्धत चीनमध्ये १९७४ मध्ये आली आणि आता आपल्या सरकारी रुग्णालयांत फुकट होते. तरी २०१९ ते २१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशातल्या १५ ते ४९ वर्षांच्या विवाहित स्त्रियांत स्वतःची नसबंदी झालेल्या ३७.९ टक्के आणि नवऱ्याची झालेल्या ०.३ टक्के होत्या. आणीबाणीत, १९७६ मध्ये झालेल्या नसबंदीच्या सक्तीची भीती यात आहे, पण सगळा दोष तिच्या माथी मारता येणार नाही.

१८. जिममध्ये टेस्टोस्टेरॉनचं इंजेक्शन घेतो. त्याने वीर्य वाढेल ना?

शुक्राणू बंद पडतील. बाहेरून टेस्टोस्टेरॉन मिळालं की मेंदूतली पिट्युटरी ग्रंथी वृषणांना हुकूम देणं थांबवते. शुक्राणू बनायला वृषणाच्या आत रक्तापेक्षा कितीतरी जास्त टेस्टोस्टेरॉन लागतं, तेच कोसळतं. वृषणं आकाराने लहान होतात. जागतिक आरोग्य संघटनेने हीच इंजेक्शनं दर आठवड्याला देऊन पुरुषांचं गर्भनिरोधक म्हणून तपासली होती, इतका हा परिणाम भरवशाचा आहे.

बंद केल्यावर बहुतेकांचे शुक्राणू सहा महिने ते वर्षभरात परत येतात. काहींना दोन वर्षं लागतात, काहींचे पूर्वीइतके कधीच होत नाहीत. लग्न ठरलंय म्हणून ‘कोर्स’ करणाऱ्यांनी हे दोनदा वाचावं. घेत असाल तर डॉक्टरांपासून लपवू नका.

१९. जास्त वेळा स्खलन झाल्याने प्रोस्टेटचा कॅन्सर टळतो का?

अमेरिकेत सुमारे ३२,००० पुरुषांच्या दीर्घ पाहणीत, महिन्याला २१ किंवा जास्त वेळा स्खलन होणाऱ्यांत हा कॅन्सर ४ ते ७ वेळा होणाऱ्यांपेक्षा साधारण एक पंचमांश कमी आढळला (२०१६). पण ही पाहणी आहे, प्रयोग नव्हे. वारंवार संबंध येणारे पुरुष मुळातच जास्त निरोगी असू शकतात. म्हणून याला औषध समजून आकडा गाठायला जाऊ नका. वारंवार स्खलनाने नुकसान होतं या भीतीला मात्र हे पुरेसं उत्तर आहे. पीएसएची रक्ततपासणी असेल तर आधीचे दोन दिवस स्खलन टाळा, आकडा थोडा वाढून येऊ शकतो.

२०. रिपोर्टमध्ये शुक्राणू शून्य, वीर्य एक मिलिलिटरहून कमी, बाकी मी ठणठणीत. हे कसं?

आकारमान कमी, वीर्य आम्लधर्मी आणि फ्रुक्टोज नाही, असं तिन्ही एकत्र असेल तर वीर्यकोशांचा स्राव पोचत नाहीये. काहींच्या शुक्रवाहिन्या जन्मतःच नसतात. अनुभवी डॉक्टरला हे नुसत्या हाताने तपासूनही कळतं. यामागे बऱ्याचदा सीएफटीआर या जनुकातला दोष असतो, तोच सिस्टिक फायब्रोसिस या फुप्फुसांच्या गंभीर आनुवंशिक आजारात असतो. दोघांतही दोष असेल तर मुलाला तो आजार होऊ शकतो. म्हणून मूल होऊ देण्याआधी पत्नीचीही जनुक तपासणी हवी. इतरांत नळीचं तोंड गाठीने किंवा जुन्या क्षयरोगाने बंद झालेलं असतं. कारखाना दोन्हींत चालू असतो, रस्ता बंद असतो. वृषणातून सुईने शुक्राणू काढून प्रयोगशाळेत बीजात सोडता येतात.

आकारमान नेहमीसारखं आणि शुक्राणू शून्य असतील तर कारणं वेगळी. प्रश्न १८ तुम्हाला लागू होतो का ते आधी पाहा.

२१. दर वेळी स्खलनानंतर मला खरंच ताप आल्यासारखं होतं, दोन-तीन दिवस अंग मोडून येतं. तुम्ही म्हणता तसं हे मनाचं आहे का?

कदाचित नाही. स्खलनानंतर काही मिनिटांत किंवा तासांत कणकण, नाक गळणं, डोळे चुरचुरणं, विचार न सुचणं आणि दोन ते सात दिवसांत आपोआप बरं होणं असा एक दुर्मीळ विकार २००२ पासून वैद्यकात नोंदला गेला आहे. प्रश्न ५ मधल्या थकव्यापेक्षा याचा ठसा वेगळा असतो: दर वेळी, ठरावीक वेळात, तशाच क्रमाने. तारीख-वेळ लिहून ठेवा आणि ती वही घेऊन मूत्ररोगतज्ज्ञांकडे जा.

२२. अपघातात मणक्याला इजा होऊन कमरेखाली संवेदना नाहीत. स्वतःचं मूल होऊ शकेल का?

बऱ्याच जणांना होतं. इजा टी-१० च्या वर असेल तर खालचं केंद्र (प्रश्न ३) शाबूत असतं, फक्त मेंदूशी तुटलेलं. लिंगाच्या टोकाला खास व्हायब्रेटर लावून तेच केंद्र चालवता येतं आणि अनेकांना स्खलन होतं. ते जमलं नाही तर भूल देऊन विजेच्या सौम्य झटक्याने, किंवा थेट वृषणातून शुक्राणू मिळवतात. इजा टी-६ किंवा त्याच्या वर असेल तर व्हायब्रेटरमुळे रक्तदाब एकदम धोकादायक चढू शकतो. डोकं ठणकणं, चेहरा लाल होणं, घाम फुटणं ही त्याची खूण. म्हणून पहिल्यांदा हे रुग्णालयातच, रक्तदाब मोजत करायचं. घरी करायची परवानगी त्यानंतर डॉक्टर देतील.